आभासी वास्तव व मनःस्वास्थ्य : ताण हलका करणाऱ्या एका नव्या साधनाचा परिचय



आपल्या परिवारातील अनेक कुटुंबांची मुले आज नोकरीनिमित्त परदेशी किंवा दूरच्या शहरी स्थायिक झाली आहेत. त्यांपैकी काहींनी अलीकडे आपल्या वृद्ध आई-वडिलांसाठी डोळ्यांवर बांधावयाचा, जाड चष्म्यासारखा दिसणारा एक संच भेट म्हणून धाडला आहे. तो लावताच घरातील भिंती दिसेनाशा होतात आणि आपण एखाद्या समुद्रकिनारी, देवदार वृक्षांच्या वनात अथवा हिमाच्छादित शिखरासमोर बसलो आहोत असे वाटू लागते. "रोज दहा मिनिटे लावा, मन शांत होईल," असा निरोपही सोबत येतो. मग स्वाभाविकच प्रश्न उपस्थित होतात. हे खरोखर गुणकारी आहे काय ? डोळ्यांना अपाय होत नाही ना ? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की, याने बरे वाटू लागल्यास रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी बंद करावी काय ?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रारंभीच देणे इष्ट आहे. गोळी बंद करू नये. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र एका शब्दात देता येण्यासारखी नाहीत. त्यासाठी हे साधन काय आहे, ते मनावर कोणत्या मार्गाने परिणाम करते आणि त्याचा परिणाम कोठे संपतो, हे समजून घ्यावे लागते. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

हे साधन म्हणजे काय ?

व्हर्च्युअल रिॲलिटी या शब्दासाठी मराठीत 'आभासी वास्तव' ही संज्ञा रूढ झाली आहे. साधन नवे भासले तरी त्यामागील कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील मॉर्टन हायलिग यांनी 'सेन्सोरामा' नावाचे यंत्र तयार करून १९६२ साली त्याचे पेटंट मिळविले. प्रेक्षक या यंत्रापुढे बसून त्याच्या पेटीत डोकावत असे आणि त्यास त्रिमिती चित्राबरोबरच आवाज, वाऱ्याची झुळूक, गंध व आसनाची थरथर यांचा अनुभव मिळे. पुढे १९६८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ इव्हान सदरलँड यांनी डोक्यावर धारण करावयाचा दर्शक बनविला. तो इतका जड होता की छतापासून टांगूनच वापरावा लागे. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी या तंत्राचे आजचे नाव लोकप्रिय केले. सामान्य ग्राहकास घरी वापरता येतील असे चांगल्या प्रतीचे संच मात्र २०१६ च्या सुमारास बाजारात आले.

त्याचे कार्य साध्या तत्त्वावर चालते. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निरनिराळ्या कोनांतून पाहतात व मेंदू त्या दोन प्रतिमा जुळवून खोलीचा बोध करून घेतो. संचातील दोन भिंगे प्रत्येक डोळ्यास अशीच किंचित वेगळी प्रतिमा दाखवितात. शिवाय मान कोणत्या दिशेस वळली हे आतील संवेदक सतत टिपतात आणि त्यानुसार दृश्य क्षणोक्षणी, साधारणतः एका सेकंदात ७२ ते ९० वेळा, नव्याने रेखाटले जाते. मान वर केली की आकाश दिसते, मागे वळले की मागची वाट दिसते. दूरदर्शन संचावरील चित्राला चौकट असते. येथे चौकटच नसते. म्हणून मेंदूला 'आपण तेथेच आहोत' असे वाटते. या साधनाचे सारे सामर्थ्य या एका जाणिवेत आहे.

भाजलेल्या रुग्णांसाठी हिमाचे विश्व

मन रमविण्याच्या या खेळण्याचा औषधोपचारात उपयोग होऊ शकतो, हे प्रथम ठळकपणे दिसून आले ते अमेरिकेच्या सिॲटल नगरातील हार्बरव्ह्यू या रुग्णालयात. तेथे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारा मोठा विभाग आहे. भाजलेल्या जखमेची पट्टी बदलणे व ती स्वच्छ करणे ही अत्यंत यातनामय क्रिया असून ती वारंवार करावी लागते. प्रबळ वेदनाशामके देऊनही पुष्कळ रुग्णांना त्या वेळी असह्य वेदना होतात, आणि उद्याच्या पट्टीची धास्ती त्यांना आजच झोपू देत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटर्सन यांनी यावर एक निराळाच उपाय करून पाहिला. जखमेवर उपचार चालू असताना रुग्णाच्या डोळ्यांवर आभासी वास्तवाचा संच चढविण्यात आला. आरंभीच्या प्रयोगात कोळ्यांची भीती घालविण्यासाठी आधीच तयार असलेले एक आभासी स्वयंपाकघर वापरण्यात आले. दोन किशोरवयीन रुग्णांवरील हा अनुभव २००० साली प्रसिद्ध झाला. साध्या व्हिडिओ खेळापेक्षा या आभासी विश्वात असताना दोघांनाही वेदना पुष्कळ कमी जाणवल्या होत्या.

त्यानंतर खास भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड', म्हणजे हिमविश्व, रचण्यात आले. रुग्ण एका बर्फाळ दरीतून संथपणे तरंगत जातो. वाटेत हिममानव व पेंग्विन पक्षी भेटतात आणि त्यांवर बर्फाचे गोळे फेकावयाचे असतात. आगीने पोळलेल्या जिवास हिमाच्या सान्निध्यात नेण्याची ही कल्पना किती मर्मज्ञ आहे, हे निराळे सांगावयास नको.

ही केवळ रुग्णाची समजूत होती काय, हेही तपासण्यात आले. २००४ साली हॉफमन व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांच्या पायास सोसवेल इतका उष्णतेचा चटका देऊन त्यांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण केले. हिमविश्वात रमलेल्या अवस्थेत मेंदूतील वेदनेशी निगडित असलेल्या पाच भागांतील क्रियाशीलता घटल्याचे आढळले.

याचे कारण मनाच्या मर्यादेत आहे. आपले अवधान, म्हणजे लक्ष देण्याची शक्ती, अमर्याद नाही. वेदना जाणवण्यासाठीही अवधान खर्ची पडते. चहूबाजूंनी वेढणाऱ्या विश्वाने ते अवधान आपल्याकडे ओढून घेतले की वेदनेच्या वाट्यास त्याचा थोडाच अंश उरतो. चिंतेचेही तसेच आहे. एकच काळजी मनात घोळत राहते तेव्हा ती अवधानावरच पोसली जात असते.

खिडकीबाहेरील झाड

ताण हलका करण्यासाठी बनविलेल्या बहुतेक कार्यक्रमांत निसर्गदृश्येच का असतात, याचे उत्तर एका जुन्या अभ्यासात सापडते. रॉजर उल्रिक यांनी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील एका रुग्णालयाच्या १९७२ ते १९८१ या काळातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांपैकी निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, तर उरलेल्यांना विटांची भिंत दिसत होती. झाडे दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. भिंत दिसणाऱ्यांना ८.७० दिवस लागले. पहिल्या गटाला प्रबळ वेदनाशामकेही कमी लागली. हा अभ्यास १९८४ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व पुढे जगभर रुग्णालयांच्या रचनेत त्याचा विचार होऊ लागला.

ज्यास अशी खिडकी लाभत नाही त्यास ती कृत्रिमरीत्या देणे, हा आभासी वास्तवाचा खरा उपयोग होय. अतिदक्षता विभागातील रुग्ण, महिनोन्महिने अंथरुणास खिळलेली व्यक्ती, दीर्घ डायलिसिस घेणारा रुग्ण अशांना बाहेर पडता येत नाही. याचे अगदी टोकाचे उदाहरण अंतराळातील आहे. २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर डेन्मार्कचे अंतराळवीर आंद्रेयास मोगेन्सन यांच्या मनःस्वास्थ्यासाठी असा एक संच पाठविण्यात आला होता. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर राहणाऱ्या मनुष्यासही हिरवळीची व मोकळ्या आकाशाची ओढ राहतेच.

ज्यांची चालण्याची शक्ती शाबूत आहे, ज्यांच्या घराजवळ बाग, नदीचा घाट अथवा देवळाचे मोकळे प्रांगण आहे, त्यांनी मात्र भिंगांतील वनाऐवजी प्रत्यक्ष झाडाखाली जाऊन बसणे केव्हाही श्रेयस्कर. तेथे वारा असतो, ओळखीची माणसे भेटतात आणि पायांना चालणे घडते.

श्वास हा खरा दुवा

भय, घाई किंवा काळजी यांच्या प्रसंगी शरीर संकटाशी सामना करण्याच्या तयारीस लागते. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळतात, श्वास उथळ व जलद होतो, ॲड्रेनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात वाढतात. संकट टळल्यावर ही अवस्था ओसरावयास हवी. परंतु कर्जाची चिंता, घरातील दीर्घ आजारपण किंवा एकटेपणा यांसारखी कारणे टळत नाहीत, आणि शरीर दिवसेंदिवस सज्ज अवस्थेतच राहते. हाच तो अपायकारक ताण.

हृदयाची गती आपल्या इच्छेने चालत नाही, रक्तदाबही नाही. श्वास मात्र आपोआप चालतो आणि आपल्या इच्छेनेही चालविता येतो. म्हणून शरीराच्या आतील या यंत्रणेस हात घालण्याचा तोच एक सुलभ मार्ग आहे. प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटास साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. तो मिनिटास सहाच्या आसपास आणला की श्वास, हृदयाची गती व रक्तदाब यांचे चढउतार एका लयीत येऊ लागतात.

या संदर्भात भाविकांना एक अभ्यास विशेष रोचक वाटेल. इटलीतील पाविया विद्यापीठाचे लुचियानो बेर्नार्दी व सहकारी यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला हा अभ्यास २००१ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल' मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती माळेवरील लॅटिन प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा बौद्ध मंत्र, या दोहोंच्या पठणाने श्वासाची गती मिनिटास सुमारे सहा इतकी संथ होते व हृदयक्रियेची लय सुधारते, असे त्यांस आढळले. दोन अगदी भिन्न परंपरांतील पठणाची लय नेमकी एकाच मापाची निघावी, ही चिंतन करण्याजोगी गोष्ट आहे.

आभासी वास्तवातील अधिक उपयुक्त कार्यक्रम याच श्वासाच्या मार्गाने जातात. 'डीप' नावाच्या एका कार्यक्रमात साधक समुद्रतळाच्या निळ्या विश्वात असतो. त्याच्या कमरेस बांधलेला पट्टा पोटाचा फुगवटा मोजतो. दीर्घ, संथ श्वास घेतला तरच तो पाण्यात वर उचलला जातो व पुढे सरकतो. आपला श्वास कसा चालला आहे हे जे एरवी दिसत नाही, ते येथे डोळ्यांना दिसते. नवशिक्यास याचा मोठा लाभ होतो.

परिणाम किती आणि कोठपर्यंत ?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ च्या नोव्हेंबर महिन्यात 'ईझव्हीआरएक्स' या आभासी वास्तवाच्या कार्यक्रमास जुनाट कंबरदुखीवरील पूरक उपचार म्हणून मान्यता दिली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरी वापरावयाचा हा आठ आठवड्यांचा क्रम होता. त्यात दीर्घ श्वसन, शरीर सैल सोडणे, लक्ष इतरत्र वळविणे व वेदनेविषयीचे विचार तपासणे यांचे दररोज काही मिनिटांचे धडे होते. १७९ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. एका गटाने हा क्रम केला; दुसऱ्या गटासही संच देण्यात आला, परंतु त्यात सपाट चित्रे होती व कोणतेही कौशल्य शिकविले जात नव्हते. उपचाराच्या शेवटी पहिल्या गटातील ६६ टक्के रुग्णांची वेदना ३० टक्क्यांहून अधिक कमी झाली. दुसऱ्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होते.

या आकड्यांकडे नीट पाहावे. चष्मा दोन्ही गटांच्या डोळ्यांवर होता. ज्यांना काहीही शिकविले नाही अशांपैकी ४१ टक्के लोकांनाही बरे वाटले, म्हणजे विश्रांती, अपेक्षा व आपली कोणी काळजी घेत आहे ही भावना यांचा वाटा फार मोठा आहे. त्यावर जो अधिक लाभ झाला, तो खोलीच्या चित्रांसोबत शिकविलेल्या कौशल्यांचा होता.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथील विद्यापीठ रुग्णालयात 'व्हीरिलॅक्स' नावाचा निसर्गदृश्यांचा कार्यक्रम वापरण्यात आला. तेथे मानसिक आजाराच्या ५० रुग्णांनी काही दिवस आभासी निसर्गदर्शन व काही दिवस नेहमीचे शिथिलीकरणाचे व्यायाम, असे दोन्ही करून पाहिले. सत्र संपताच खिन्नता व चिंता उतरण्यात आभासी निसर्ग सरस ठरला. दीर्घकाळच्या लक्षणांत मात्र त्याने साध्या व्यायामांवर तशी ठळक आघाडी घेतली नाही.

तात्पर्य असे की, चित्ताची तात्कालिक व्याकुळता शमविण्यास हे साधन चांगले आहे. परंतु दृश्याने मिळालेली शांती दृश्याबरोबरच ओसरू लागते. त्या शांत घटकेत जो श्वास आपण शिकलो, तोच चष्मा उतरविल्यावर आपल्यासोबत राहतो. पाय मोडलेल्या मनुष्यास कुबडी हवीच, पण कुबडीचा हेतू पुन्हा चालता यावे हा असतो.

घरी वापरताना घ्यावयाची दक्षता

१. अपस्मार अर्थात फिट येण्याचा विकार, वारंवार येणारी चक्कर, तीव्र अर्धशिशी, नुकतीच झालेली डोळ्यांची शस्त्रक्रिया किंवा गंभीर मानसिक आजार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापर करू नये. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनीही आधी विचारून घ्यावे. संचातील चुंबक व रेडिओ लहरी यांमुळे अशा उपकरणात अडथळा येऊ शकतो.

२. वापर नेहमी बसून, शक्यतो हातांच्या खुर्चीवर करावा. भोवताली पायरी, टेबलाचा कोपरा, समई किंवा गरम पाण्याचे भांडे नसावे. वृद्ध व्यक्तीजवळ घरातील कोणीतरी असावे. वृद्धापकाळी एका पडण्याने होणारी हानी कोणत्याही शांतीने भरून निघत नाही.

३. डोळे 'आपण चाललो' असे सांगतात आणि अंतःकर्णातील तोल सांभाळणारी यंत्रणा 'आपण स्थिर आहोत' असे सांगते, तेव्हा मळमळ व घेरी येते. वर उल्लेखिलेल्या कंबरदुखीच्या चाचणीतही जवळजवळ दहापैकी एकास हा त्रास झाला होता. म्हणून स्थिर दृश्ये निवडावीत. उडण्याची, वेगाने धावण्याची दृश्ये टाळावीत. त्रास वाटताच संच काढावा. 'सवय होईल' म्हणून सहन करू नये.

४. भ्रमणध्वनी आत बसवावयाचे स्वस्त खोके फक्त मान वळल्याचे ओळखतात, शरीर पुढे-मागे झाल्याचे ओळखत नाहीत. त्यामुळे त्यांत मळमळ लवकर होण्याचा संभव असतो.

५. आरंभी पाच मिनिटे व पुढे दहा ते पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. वापरानंतर डोळ्यांस विश्रांती द्यावी आणि डोके पूर्ण स्थिर झाल्याशिवाय वाहन चालवू नये.

६. लहान मुलांच्या हाती हा संच देऊ नये. निरनिराळे उत्पादक १० ते १३ वर्षांची किमान वयोमर्यादा घालतात.

७. एकच संच अनेकांनी वापरल्यास प्रत्येक वेळी चेहऱ्याला लागणारा भाग पुसून घ्यावा. डोळे आलेले असल्यास मुळीच वापरू नये. संच उन्हात ठेवू नये. भिंगांतून एकवटलेल्या सूर्यकिरणांनी आतील पडदा जळतो.

एक सोपी पद्धत

ज्यांच्या घरी असा संच आला आहे त्यांनी पुढील क्रम ठेवून पाहावा. रोज एकच वेळ ठरवावी. वाहत्या पाण्याचे किंवा वनाचे एकच दृश्य निवडावे. दररोज नवनवीन दृश्ये शोधू लागल्यास मन शांत होण्याऐवजी करमणुकीस लागते. पहिली दोन मिनिटे नुसते पाहावे. नंतर मनात चार अंक मोजत श्वास घ्यावा व सहा अंक मोजत सावकाश सोडावा. एवढ्यानेच मिनिटास सहा श्वासांची लय साधते. धाप लागली अथवा डोके हलके वाटले तर ताण न देता नेहमीचा श्वास चालू द्यावा.

शेवटी संच काढून ठेवावा आणि डोळे मिटून त्याच लयीत आणखी पाच मिनिटे बसावे. ही पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची आहेत. दर आठवड्यास संचाचा वेळ थोडा कमी व मिटल्या डोळ्यांचा वेळ थोडा अधिक करीत जावे. दोन-तीन महिन्यांनी संच कपाटात राहिला तरी चालते, हेच या साधनाचे यश समजावे.

अंथरुणास खिळलेल्या आप्तांसाठी मात्र या संचाचा वेगळा विचार करावा. ज्यांना पायऱ्या चढून देवदर्शनास येणे आता शक्य नाही, त्यांना त्रिमिती चित्रणातून गाभाऱ्यासमोर बसल्याचा अनुभव मिळाल्यास तो त्यांच्यासाठी मोलाचा असतो. अशा वेळी संच लावून देऊन आपण दुसऱ्या खोलीत निघून जाऊ नये. जवळ बसावे, हात हाती घ्यावा आणि नंतर "काय पाहिले ?" असे विचारावे. पुष्कळदा त्या दहा मिनिटांच्या दृश्यापेक्षा त्यानंतरचे हे संभाषणच त्यांना अधिक हवे असते.

झोप सतत उडणे, कशातच रस न वाटणे, अकारण रडू येणे किंवा जगण्याचा कंटाळा येणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ती केवळ ताणाची समजू नयेत व विनासंकोच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भारत सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्याची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सुरू असून ती अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

परदेशी असलेल्या मुलांनी धाडलेली भेट प्रेमानेच धाडलेली असते. तिचा स्वीकार करावा, तिचा विवेकाने उपयोग करावा आणि औषधे वेळेवर चालू ठेवावीत. आणि त्या मुलांनीही संचाबरोबर आठवड्यातून एकदा अर्धा तास निवांत बोलण्याचा नेम ठेवला, तर आई-वडिलांच्या मनावरील पुष्कळसा ताण त्याच वेळी हलका होईल.